गिळक्या आणि मोरीची खिडकी

ते पुस्तक दिसलं की मला मळमळतं. उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही. आमच्या गावातल्या प्रत्येक दुकानात ते मांडलेलं असतं, औषधांच्या दुकानातसुद्धा, खोकल्याच्या बाटल्यांशेजारी. वेष्टनावर गुलाबी डोंगर, डोंगरावर कापसाचे ढग, आणि डोंगराच्या पोटातल्या गोल भोकातून डोकावणारा एक हिरवा, गुबगुबीत, गालांना खळ्या पडणारा राक्षस. त्याचं नाव गिळोबा. हा गिळोबा मुलांची भीती गिळतो. मुलांनी आपली भीती बिस्किटाच्या कानात सांगायची, बिस्किट भोकात द्यायचं, गिळोबा ते गट्ट करतो आणि मूल नाचत घरी जातं. पुस्तकातल्या त्या भोकाला व्हॅनिलाचा वास येतो.

खऱ्या भोकाला कसला वास येतो ते मला विचारा. ती आमच्या गावाची मोठी मोरी. गाव डोंगरउतारावर वसलेलं, एकाच्या डोक्यावर दुसऱ्याचं अंगण. रस्त्याच्या दोन्ही कडांनी उघडी गटारं उतरत येतात. हॉटेलांच्या भांड्यांचं तेलकट पाणी, न्हाव्याच्या दुकानातले केस, खाटकाच्या ओट्याचं धुवण, तबेल्यातलं घोड्यांचं मूत, सगळं वाटेत एकमेकांत मिसळतं आणि खालच्या वळणावर, आमच्या घरासमोर, एका खोल दगडी खड्ड्यात पडतं. तिथून रस्त्याखालून पलीकडे जातं आणि कड्यावरून दरीत. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात कमरेइतका काळा, रबरबीत गाळ असतो आणि त्यावर करडी साय धरते. पावसाळ्यात गाळबीळ काही नसतो, नुसतं धावणारं पाणी असतं. आत गेलं ते दरीत गेलं.

माझ्या काकाने त्या मोरीत आयुष्य काढलं. गिळोबा म्हणजे तोच. त्याला खळ्या नाहीत.

काका वडिलांचा धाकटा भाऊ. वरचा ओठ जन्मापासून फाटलेला, नाक बसकं, एक डोळा अर्धा मिटलेला. नगरपालिकेला गटारं उपसायला माणूस मिळत नव्हता आणि काकाला कोणी कामावर घेत नव्हतं, तेव्हा जोडी झकास जमली. तो रोज आमच्या मागच्या नळाखाली अंग घासून घासून धुवायचा, तरी कानामागे आणि नखांत वास राहायचाच. आई त्याचं ताट बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि पटकन मागे सरकायची. मीही नाक दाबून त्याच्यासमोरून पळायचे. काका सुगंधी होता आणि आम्हीच करंटे, असलं काही मी सांगणार नाही. तो घाण मारायचा. एका विधवा बाईने त्याला लग्नाला होकार दिला होता, ती एकदा येऊन बाहेरच्या खोलीत थोडा वेळ बसली आणि नंतर तिचा निरोप आला की प्रकृती बरी नसते.

उतारावरच्या गावात हातातून सुटलेली प्रत्येक वस्तू मोरीकडे येते. कांदे येतात, गोट्या येतात, कोणाचा तरी बूट येतो, आणि चेंडू तर हमखास येतो. चेंडूमागे मूल येतं. काका कामाला लागला त्याच वर्षी न्हाव्याची मुलगी अशी चेंडूमागे आली होती. तिला दरीतून वर काकानेच आणलं, पोत्यात घालून. त्याबद्दल तो घरी कधी बोलला नाही, पण त्यानंतर त्याने कोणी न सांगता आपल्या कामात आणखी एक काम वाढवून घेतलं. मोरीच्या तोंडावर लोखंडी जाळी होती, पण गाळ उपसायला ती रोज काढावी लागे, आणि काढली की तोंड उघडं. म्हणून तो मुलांना घाबरवायला लागला.

घाबरवणं म्हणजे नुसतं ‘ए, पळा इथून’ नव्हे. त्याने मुलं पोहोचू नयेत म्हणून जे केलं ते कोणी सहज करणार नाही. आलेला चेंडू तो मुलाच्या डोळ्यांदेखत सुरीने फाडायचा आणि मोरीवरच्या तारेला लटकवायचा. तिथे मेलेल्या चेंडूंची रांग होती, मध्ये एका बाहुलीचं मुंडकं. तोंडाला गाळ फासून तो काठावर बसायचा, काडीने दात कोरायचा आणि जवळ आलेल्या पोराला शांतपणे म्हणायचा, “कालचा जरा कडू निघाला. तू गोड दिसतोस.” मग घशातून एक आवाज काढायचा, तुंबलेली मोरी एकदम सुटते तसा. पोरं ओरडत सुटायची ती थेट घरी. त्यांनीच त्याचं नाव गिळक्या पाडलं. गावातल्या आया त्याच्या नावावर मुलांना जेवू घालायच्या, झोपवायच्या, औषध पाजायच्या. आणि न्हाव्याच्या मुलीनंतर त्या मोरीत एकही मूल गेलं नाही. आमच्या नगरपालिकेच्या दुसऱ्या कुठल्याही कामाबद्दल असं म्हणता येणार नाही.

याची किंमत अशी की काका रस्त्याने निघाला की रस्ता रिकामा व्हायचा. मूल नावाचं काही त्याच्या हातभर जवळ आलं नाही. माझी मुलगी ठमी झाली तेव्हा तो बाहेरच्या खोलीतूनच म्हणाला, “मला दाखवायला आणू नकोस. लहान आहे तोवर घाबरेल, मोठी झाल्यावर तर घाबरायलाच हवी.” मी पडद्याआडून तिचा पाय तेवढा दाखवला. त्याने तो लांबूनच बराच वेळ पाहिला.

मग त्या लेखिकाबाई आल्या.

समोरच्या लॉजमधली मोरीवरची खोली वासामुळे कधी भाड्याने जात नसे. ती त्यांना दिली. बाईंना सर्दी असावी किंवा मनच तसं असावं, त्यांना कसलाच वास आला नाही. उन्हाळाभर त्या खिडकीत बसून लिहीत होत्या. मी शिवणकाम करते, त्यामुळे कोटाची बटणं लावून घ्यायला माझ्याकडे यायच्या. मऊ आवाज, पांढरे बूट, आणि तोंडात सतत ‘गोड’. आमची खिडकी गोड, माझं जुनं मशीन गोड, घोड्यांची लीद वेचणारी म्हातारी गोड. ती म्हातारी त्यांच्या पुस्तकात चांदण्या वेचते. बाई वाईट असत्या तर सोपं झालं असतं, दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण त्या वाईट नव्हत्या, आणि म्हणून माझा जास्तच तिळपापड होतो. वर बसून त्यांनी काकाची सगळी सोंगं पाहिली आणि पोरं पळाली की तो फाडलेला चेंडू हातात धरून कसा बसतो तेही पाहिलं. हा माणूस आतून मऊ आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलं. पण ओळखलं तर ओळखलं, ते जगाला सांगायची काय गरज होती?

पुढच्या वर्षी पुस्तक आलं आणि त्याच्यामागून माणसं आली. गाड्या भरभरून आई-बाप, आणि प्रत्येकाच्या हाताला एक पोर, पोराच्या हातात बिस्किट. ‘गिळोबा कुठे राहतो?’ बेकरीवाल्याने बिस्किटांना कान काढले. साबणवाल्याने हिरवा साबण आणला, त्याला ‘मोरीचा सुगंध’ असं नाव दिलं, आणि लोक तो नाकाला लावून डोळे मिटायचे. नगरपालिका तर झोपेतून खडबडून उठली. अध्यक्षांनी स्वतः येऊन चेंडूंची रांग काढायला लावली. मोरीच्या तोंडावर भिंत बांधली, भिंतीला गुलाबी रंग दिला, आणि भिंतीत मुलाच्या छातीच्या उंचीवर एक गोल खिडकी ठेवली. जाळी काढून भंगारात टाकली, कारण जाळीतून बिस्किट नीट जात नव्हतं. हे मी बनवून सांगत नाही. मुलं आत पडू नयेत म्हणून लावलेली जाळी त्यांनी मुलांच्या सोयीसाठी काढली, आणि सुरक्षेच्या नारिंगी टोप्या घालून त्या खिडकीपुढे फोटो काढून घेतले.

मला हिरव्या मखमलीचा हातमोजा शिवायला सांगितला, कोपरापर्यंतचा. काकाने आत खड्ड्याच्या कट्ट्यावर स्टूल टाकून बसायचं आणि खिडकीतून हात बाहेर काढून बिस्किटं घ्यायची, असं ठरलं.

काका म्हणाला, “साहेब, पोरं जवळ आली नाही पाहिजेत. माझं काम ते आहे.”

अध्यक्ष हसले. “अरे, तुझं काम गटार उपसायचं. आता त्याहून बरं देतोय तर नाक कशाला मुरडतोस? बस की आरामात.”

तो बसला. पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आला तो हातमोजा काढायलाच तयार नव्हता. मी ओढून काढला, आतून घामाने आणि गाळाने चिकट झालेला. तो म्हणाला, “अगं, बोटं धरतात. बिस्किट देतात आणि बोट धरून ठेवतात. एवढीएवढीशी गरम बोटं.” मला किळसही आली आणि त्याची मायाही आली. दोन्ही एकदम येणं फार वाईट.

बिस्किटांचं पुढे काय होतं ते पुस्तकात नाही. काका खाऊन खाऊन किती खाणार, बाकीची गाळात पडायची. ती फुगायची, त्यांचा पिठूळ लगदा व्हायचा, त्यावर पिवळी बुरशी यायची आणि उंदीर त्यावर पोसले जायचे. असे लठ्ठ झाले की त्यांना पळवेना. गोड आणि कुजका असा एकत्र वास मी तोपर्यंत कधी घेतला नव्हता. आधीची घाण प्रामाणिक होती, तिला घाण म्हणता यायचं. आता लोक खोल श्वास घेऊन म्हणायचे, किती छान गोडसर वास येतोय इथे.

पण काका बदलला हे खरं. नखं कापायला लागला. केसांना पाणी लावून भांग पाडायला लागला. एकदा मी त्याला आरशापुढे पकडलं, फाटका ओठ बोटाने धरून तो हसायचा सराव करत होता. आणि ठमी. शाळेत तिला ते पुस्तक लावलेलं. एके दिवशी ती आपणहून बाहेरच्या खोलीत गेली, काकासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “तूच आहेस ना रे गिळोबा? मला माहीत आहे. मी कोणाला सांगत नाही.” मग तिने त्याच्या बसक्या नाकावर बोट ठेवून दाबून पाहिलं. काका श्वास रोखून बसला होता. त्या दिवसापासून ती त्याच्या मांडीवर. त्याचं ताट तीच न्यायची, उंबऱ्यावर न ठेवता पार त्याच्या गुडघ्यापर्यंत, आणि अर्धं तीच खायची. मी म्हटलं, “ठमे, वास नाही येत तुला?” ती म्हणाली, “येतो. पण तो गिळोबाचा आहे.” माझी आई आतून नाक दाबून हे बघत राहायची.

असा सगळा आनंदीआनंद चालला होता. मग काका तापाने पडला आणि मोरीवर गेला नाही.

मी मशीनवर बसले होते, त्यामुळे मला खिडकीतून दिसलं. पाहुण्यांपैकी एक मुलगा, पाच-सहा वर्षांचा असेल, बिस्किट घेऊन आला. आईबाप मागे फोटो काढत होते. मुलाने बिस्किट खिडकीत धरलं आणि वाट पाहिली. हात आला नाही. त्याने खांद्यापर्यंत हात आत घातला. तरी नाही. मग त्याने डोकं आत घातलं, आणि पुढच्या क्षणी त्याचे बूट आत जाताना मला दिसले. मी ओरडत बाहेर पळाले, पण तबेल्यातला घोडेवाला माझ्याआधी पोहोचला. दिवस उन्हाळ्याचे होते म्हणून तो पोरगा गाळात छातीइतका रुतून राहिला होता. घोडेवाल्याने लगामाचा पट्टा टाकून त्याला वर घेतलं. नाकातोंडात, डोळ्यांत, केसांत तो काळा लगदा, आणि तो बिस्किटांचे तुकडे ओकत होता. आई त्याला धरायला पुढे झाली आणि वासाने मागे सरकली. मग परत पुढे झाली.

तो पोरगा रडत नव्हता. तो म्हणाला, “गिळोबा आत आहे. तो मला धरणारच होता.”

हे मी घरी येऊन काकाला सांगितलं. तापाने फणफणलेला होता तो. त्याने ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. मग भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, “माझाच हात शोधत होता तो.”

नगरपालिकेने प्रकरण दाबलं. पोराच्या आईबापांना चांगल्या हॉटेलात उतरवलं, मुलाला मखमलीचा गिळोबा दिला. मुकादमाने येऊन काकाला बजावलं की यापुढे सुट्टी नाही, आणि माझ्याकडे दुसरा हातमोजा शिवायला टाकला, बदली माणसासाठी. त्यांना एवढाच उपाय सुचला. काका ताप उतरल्या उतरल्या अध्यक्षांकडे गेला. पावसाळा तोंडावर आला आहे, जाळी परत लावा म्हणाला. अध्यक्ष म्हणाले, “लेखिकाबाई येणार आहेत, मुलांचा मोठा मेळावा ठेवलाय खिडकीपुढे. त्यानंतर बघू.” त्यानंतर बघू म्हणजे काय असतं, ते आम्हाला चांगलं ठाऊक होतं.

मग बाई आल्या तेव्हा तो त्यांनाच भेटला. मी बरोबर होते, कारण एकटा गेला असता तर लॉजवाल्याने आत सोडला नसता. त्याने टोपी हातात धरून सगळं सांगितलं. न्हाव्याच्या मुलीचंही सांगितलं, पोत्यासकट. माझ्यासमोर पहिल्यांदा. “बाई, पावसात एखादं पोर गेलं तर मिळायचं नाही. पोरं मला घाबरली पाहिजेत. तुम्ही सांगितलंत तर जाळी लावतील.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “केवढी भीती घेऊन जगलात तुम्ही. आता सोडून द्या ती. मुलांच्या मनात भीती घालून कोणाचं भलं झालंय? प्रेमाने सांगा, ती ऐकतात.”

“वाकून बघू नका म्हणून प्रेमाने सांगितलं तर वाकूनच बघतात, बाई.”

“तुम्ही खरे गिळोबा आहात,” बाई म्हणाल्या आणि त्याला पुस्तकाची एक प्रत सही करून दिली. मला तिथेच ओकारी आली असती. जिन्यावरून उतरताना मी तोंडाला येईल ते बोलत होते.  खाली आल्यावर काका एवढंच म्हणाला, “ठमीला मेळाव्यात पुढे बसव. खिडकीशी पहिलं बिस्किट तिला देऊ दे.”

मला वाटलं, जाऊ दे, म्हाताऱ्याची हौस. मी ठमीला पिवळा फ्रॉक शिवला.

मेळाव्याला सगळं गाव लोटलं होतं. मुलांना रांगेने बसवलेलं, प्रत्येकाच्या हातात कानवालं बिस्किट. गुलाबी भिंतीला फुगे. बाई पांढरे बूट घालून खुर्चीत, शेजारी अध्यक्ष घाम पुसत. भाषणं झाली. मग ठमी उठली, खिडकीशी गेली आणि बिस्किटाच्या कानात काहीतरी पुटपुटली. हिरवा हात बाहेर आला. तिने बिस्किट ठेवलं आणि रोजच्यासारखं त्याचं बोट धरलं.

हाताने तिचं मनगट पकडलं.

आधी ती हसली. मग हात आत जायला लागला आणि तिचा हात त्याच्याबरोबर खांद्यापर्यंत आत गेला, गाल भिंतीला दाबला गेला. आणि आतून तो जुना आवाज आला, तुंबलेली मोरी सुटते तसा. खिडकी झाल्यापासून मी तो ऐकला नव्हता.  ठमी किंचाळली, आणि ते किंचाळणं मी कधी विसरणार नाही, कारण त्यात आधी एक प्रश्न होता आणि मग काहीच नव्हतं. तो म्हणाला, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “जी वाकली ती गिळली.” आणि तिला सोडलं. ती मागे माझ्या अंगावर येऊन पडली.

मग तो बाजूच्या दरवाजातून वर आला. हिरवं काही अंगावर नव्हतं. डोक्यापासून पायापर्यंत काळा गाळ निथळत होता आणि दातांत मेलेला उंदीर धरलेला, बिस्किटं खाऊन फुगलेला, शेपटी हनुवटीवर लोंबत होती. तो मुलांच्या रांगेसमोरून सावकाश चालत गेला, एकेका मुलाच्या तोंडाजवळ वाकला, वास घेतला. मुलं आईला हाका मारत होती, काहींची चड्डी ओली झाली. शेवटी तो बाईंसमोर थांबला आणि उंदीर त्यांच्या पांढऱ्या बुटांवर थुंकला. सगळीकडे तो गोड कुजका वास भरला. या वेळी बाईंनाही तो आला. त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि म्हणाल्या, “हा तो नव्हे. हा तो नव्हेच.”

बाई त्याच दुपारी गेल्या. खिडकी संध्याकाळच्या आत बंद झाली. जाड सळयांची जाळी आणली आणि वेल्डिंग करून पक्की बसवली. मुलं आत पडतील म्हणून नव्हे, तो बाहेर येईल म्हणून. काकाला कामावरून काढलं. गावात लोक त्याच्याकडे बघून थुंकले, त्याच लोकांनी आदल्या आठवड्यात त्याच्याबरोबर फोटो काढले होते. पाऊस लागला, मोरी तुडुंब वाहिली, आणि काकाने आमच्या घराच्या खिडकीत बसून रोज पाहिलं. चेंडू आले. चेंडूमागे मुलं आली, आणि लांब, रस्त्याच्या पलीकडे थबकून परत गेली. एका आईला मी ऐकलं, “चल, गिळक्या येईल हं.” काकाने मान डोलावली.

ठमी महिनाभर झोपेतून ओरडत उठायची. मी काकावर इतकी संतापले होते की त्याच्याशी बोलत नव्हते. शेवटी विचारलंच. “तिलाच का? बाकीची इतकी पोरं होती.”

“बाकीच्यांना वाटलं असतं, गंमत करतोय,” तो म्हणाला. “ठमी माझी आहे हे सगळ्यांना माहीत होतं. ती खरी घाबरली म्हणून सगळी घाबरली.” मग म्हणाला, “तिला सांगू नकोस. सांगायचंच असेल तर तिचं डोकं त्या भोकात मावेनासं झालं की सांग.”

“जाळी लावलीय आता.”

“आज लावलीय. अध्यक्ष बदलला की काढतील.”

मी इतकी वर्षं सांगितलं नाही. काका आता पार थकला आहे, बाहेरच्या खोलीतच असतो. ठमी माझ्यापेक्षा उंच झाली. आई गेल्यापासून त्याचं ताट ती नेते, कारण मी सांगते म्हणून. उंबऱ्यावर ठेवते आणि पटकन मागे सरकते, अगदी आईसारखी. मोरी टाळायला वरच्या पायऱ्यांनी वळसा घालून कॉलेजला जाते. परवा तिच्या हातात ते पुस्तक दिसलं, कोणा मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीला भेट द्यायला आणलेलं, आणि माझं डोकं फिरलं. मी पुस्तक ओढून घेतलं आणि तिला बसवून सगळं सांगितलं. पोतं, चेंडू, तापाच्या दिवशीचा पोरगा, जाळी, सगळं.

 ती उठली, काकाचं ताट वाढलं, स्वतःहून. मला वाटलं, आज ती आत जाईल, पार त्याच्या गुडघ्यापर्यंत. मी दाराशी उभी राहिले. ती उंबऱ्यापर्यंत गेली. काका खाटेवर बसलेला, भांग पाडलेला. तिने एक पाय आत टाकला. तिचा उजवा हात, मनगटापासून, आपोआप मागे ओढला गेला आणि ताटातल्या पेल्यातलं पाणी सांडलं. तिने पाय मागे घेतला, ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि माझ्याकडे वळली. डोळे भरले होते.

“मला कळलंय गं आई सगळं,” ती म्हणाली. “पण हात पुढे होत नाही.”

आतून काकाने ऐकलं होतं. त्याने हात करून तिला लांबच राहायला सांगितलं.

“होऊ नये,” तो म्हणाला. “भीती नीट बसलीय.” मग खाटेवरून हळूहळू उतरला, उंबऱ्यापर्यंत आला, आणि ती लांब जाईपर्यंत थांबून त्याने ताट उचललं.